आधी कोणाकडे जायचं?

नर्सिंगच्या मुलांना 'चार पेशंट आहेत, आधी कोणाला बघाल' असं विचारलं की उत्तर तोंडावर असतं, एबीसी मॅडम, एअरवे ब्रीदिंग सर्क्युलेशन (म्हणजे श्वासाचा मार्ग, श्वास, रक्ताभिसरण, या क्रमाने). बरोबरच आहे. पण तेच चार पेशंट कागदावर समोर ठेवले की पोरं डायग्नोसिस वाचून नंबर लावायला लागतात, हार्ट अटॅकवाला पहिला, दम्याचा दुसरा आणि पोटाचं ऑपरेशन झालेला शेवटी कारण 'तो तर बरा आहे'. अहो, तीन दिवसांपूर्वी अटॅक आलेला, आज छातीत दुखत नाही, मॉनिटर ठीक, नातेवाइकांशी गप्पा मारत बसलेला माणूस थोडा वेळ थांबू शकतो की. आजाराचं नाव किती भारी आहे ते नंतर बघू, आधी मला सांगा की मागच्या वेळेपेक्षा काय बदललंय.

शिकवायला मी एक पेशंट रचलाय, तोच इथे देते. सकाळी पोटाचं ऑपरेशन झालंय, वजन 60 किलो. दुपारी 2 ला पल्स 84, बीपी 124/80. 4 ला पल्स 98, बीपी 120/84. 6 ला पल्स 112, बीपी 118/86, श्वास 24, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) 97, ताप नाही, शुद्धीत आहे, विचारलं तर म्हणतो 'बरंय सिस्टर, जरा तहान लागलीय'. निम्मा वर्ग म्हणतो बीपी नॉर्मल आहे, स्टेबल.

आता ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा न्यूज टू स्कोअर लावून बघा (पल्स, बीपी, श्वास वगैरेंना गुण देऊन पेशंट किती बिघडलाय ते सांगणारा तक्ता, 2012 ला पहिला आला, 2017 ला सुधारला, बऱ्याच ठिकाणी वापरतात). श्वासाचे 2, पल्सचे 2, बाकी सगळे शून्य, एकूण 4. आणि स्कोअर 4 आला की तक्ता काय सांगतो, तर कमीत कमी 4 ते 6 तासांनी परत व्हायटल्स (हेच पल्स, बीपी, श्वास, ताप) घ्या! अर्जंट धरायला एकूण 5 लागतात नाहीतर एखाद्याच गोष्टीत 3, इमर्जन्सीला 7. म्हणजे तक्त्यावर विसंबून राहिलात तर रात्री 10 ला परत जाल. स्कोअर वाईट नाहीये हं, मी स्वतः त्याची बाजू घेऊन भांडते, पण तो एका वेळचा फोटो आहे आणि तुमच्या हातात तीन वेळचे आकडे आहेत. पल्स दर वेळी चढतोय. बीपीचं वरचं-खालचं अंतर 44 होतं, ते 36 झालं, मग 32. आत कुठे रक्त जात असलं की शरीर आधी पल्स वाढवतं आणि रक्तवाहिन्या आवळून धरतं, म्हणून खालचा आकडा चढतो आणि वरचा बराच वेळ टिकतो, साधारण 30 टक्के रक्त जाईपर्यंत टिकू शकतो. वरचा पडायची वाट बघत बसलात तर उशीर झाला समजा. (आणि पेशंट बीटा ब्लॉकरवर, म्हणजे पल्स कमी ठेवणाऱ्या औषधावर, असेल तर पल्ससुद्धा हवा तसा चढणार नाही, ते औषधाच्या चार्टवर आधीच बघून ठेवायचं.)

मग करायचं काय? पांघरूण काढा. हात गार लागतोय का, ड्रेसिंग भिजलंय का, पाठीखाली हात घालून बघा कारण रक्त ओघळून खाली साचतं आणि वरून ड्रेसिंग कोरडं दिसतं, ड्रेनमध्ये (पोटातून बाहेर काढलेल्या नळीत) किती आणि कुठल्या रंगाचं आलंय, युरिन बॅगमध्ये तासाला किती. किलोमागे अर्धा एमएल धरला तर याला तासाला 30 एमएल हवी, 20 च असेल तर लगेच फोन. आणि फोनवर 'सर पेशंट बरा वाटत नाहीये' असं म्हणू नका, झोपेतला डॉक्टर 'सलाइन चालू ठेवा' म्हणून ठेवून देईल. तिन्ही वेळचे आकडे सांगा, हात गार आहे सांगा, युरिन सांगा, मला रक्तस्राव वाटतोय, येऊन बघा, असं स्पष्ट सांगा.

श्वासाचं एक वेगळं बोलायचंय. कुठल्याही वॉर्डचा चार्ट उघडा, सगळ्यांचा श्वास 18 नाहीतर 20, जणू सगळे एका तालात श्वास घेतायत. खरं तर बिघडायला लागलेल्या पेशंटमध्ये बऱ्याचदा पहिला हाच आकडा हलतो, आणि त्याला मशीन लागत नाही, घड्याळ लागतं. पूर्ण एक मिनिट मोजा, पल्स बघताय असं दाखवत मनगट धरून ठेवा, कारण मोजतायत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. सॅच्युरेशन चांगलंय म्हणून निर्धास्त राहू नका, ऑक्सिजन चालू असेल तर तो आकडा बराच वेळ छान दिसत राहतो. मॉर्फीन (दुखणं थांबवायचं जोरदार औषध) दिलेला पेशंट शांत झोपलाय म्हणून सगळे खूश असतात, त्याला हाक मारून बघा, नीट जागा होत नसेल आणि बोलता बोलता परत झोपत असेल तर श्वास मंदावायच्या आधीची पायरी असू शकते ती.

'आधी असेस करा', म्हणजे आधी तपासा, हे पण पाठ करून ठेवतात, पण कधी कधी आधी हात चालवावा लागतो. रक्त चढवताना थंडी वाजून कंबर दुखायला लागली तर आधी रक्त बंद करायचं, व्हायटल्स त्यानंतर. हालचाल नाही, श्वास नाही, पल्स नाही, तर एबीसीचा क्रम बाजूला ठेवून मदतीला हाक आणि छातीवर दाब सुरू.

आणि नातेवाईक 'सिस्टर, हे असं कधी बोलत नाहीत हो' म्हणाले तर वयावर ढकलू नका. नव्याने आलेल्या गोंधळाला न्यूज टू मध्ये एकट्याला 3 आहेत. साखर लगेच बघा, 70 च्या खाली असेल आणि नीट गिळता येत असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज तोंडाने, 15 मिनिटांनी परत चेक. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काहीच नाही, डॉक्टरांना हाक मारा. साखर नॉर्मल निघाली तरी गोंधळ आहेच ना, मग श्वास मोजा, सॅच्युरेशन, बीपी, ताप बघा आणि कळवा.