दूध-पोळी माझ्याच चिठ्ठीवर होती

एसटीत वाहक, वय 38. अमळनेरच्या माझ्या दवाखान्यात तो आला तेव्हा पिशवीभर रिपोर्ट घेऊन आला होता. सोनोग्राफी, रक्त, दोनदा दुर्बीण, सगळं नॉर्मल. धुळ्याच्या फेरीला निघायचं असलं की तो जेवतच नसे. "सगळे म्हणतात तुला काही झालेलंच नाही," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून अहिराणीत, "मॅडम, माले कॅन्सर ते नही ना?"

वजन घटलेलं नव्हतं, शौचातून रक्त नव्हतं, कळ झोपेतून उठवत नव्हती, हिमोग्लोबिन चांगलं होतं. वर्षभर आठवड्यातून तीन-चार दिवस पोटात कळ, शौचाला जाऊन आलं की उतार, कधी पातळ तर कधी खडा. हा आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतड्याला जखम नाही, गाठ नाही, पण तिथल्या नसा फार हळव्या झालेल्या असतात. दुसऱ्याला कळणारही नाही एवढ्या वायूची याला कळ होते. हे मनाचे खेळ नाहीत, असं मी सांगितलं तेव्हा त्याने पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

आणि मग मी चूक केली. चिठ्ठीवर लिहिलं: हलकं खा. दूध-पोळी, सफरचंद, पिकलेली केळी. भरीत, भाकरी, तिखट बंद.

महिन्याने तो आणखी फुगलेलं पोट घेऊन आला. या वेळी मी औषध न बदलता वही दिली. काय खाल्लं, किती वाजता, कळ कधी. वीस दिवसांची ती वही शनिवारी दुपारी ओपीडी संपल्यावर वाचायला घेतली. ज्या दिवशी त्याने माझं तंतोतंत ऐकलं होतं, नेमक्या त्याच दिवसांपुढे 'जोरात कळ' लिहिलेलं. आणि दोन दिवस अगदी कोरे. दोन्ही एकादशीचे! भगर, दाण्याची आमटी, उकडलेला बटाटा. त्या दिवशी गहू नाही, कांदा-लसूण नाही, दूधही नाही.

गहू, कांदा, लसूण यांतलं फ्रुक्टान नावाचं कर्बोदक माणसाच्या आतड्याला पचवताच येत नाही. ते तसंच मोठ्या आतड्यात जातं, तिथले जंतू ते आंबवतात, वायू होतो. दुधातली आणि सफरचंदातली साखरही काहींच्या पोटात हेच करते. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने यावरूनच आहाराची पद्धत बसवली: काही आठवडे हे पदार्थ थांबवायचे, मग एकेक परत आणून पाहायचा. मला हे माहीत होतं. तरी 'हलकं' म्हटल्यावर हाताने दूध-पोळीच लिहिली, याचं मला अजून वाईट वाटतं.

गहू बंद करण्याआधी सीलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी केली, कारण गहू सोडल्यावर ती फसते. ती निगेटिव्ह आली. मग चार आठवडे ज्वारीची भाकरी, भात, थोडी मुगाची डाळ, रोज इसबगोल. भरीत चालू! फक्त लसूण तेलात तळून काढून टाकायचा, कारण फ्रुक्टान तेलात उतरत नाही, वास मात्र उतरतो. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग घ्यायचा, पांढरा नाही. मिरची बेताची. केळं जरा कच्चट असताना खायचं, कारण पिकत जातं तसं त्यात फ्रुक्टान वाढतं. केळीच्या मुलखातल्या माणसाला हे शेवटचं पटायला वेळ लागला. दिवसाचे सात चहा दोनावर आले, जेवणाची वेळ ठरली. दिवसातून दोन-तीनदा होणारी धावपळ तिसऱ्या आठवड्यात थांबली.

पाचव्या आठवड्यापासून त्याने एकेक पदार्थ परत आणला. परवा वही दाखवायला आला, शेवटच्या पानावर असं होतं:

'दूध, अर्धा कप. काही नाही.
कांदा, पाव भाग. काही नाही.
लसूण, दोन पाकळ्या. रात्री 9 ला कळ.
भाच्याचं लग्न. शेवभाजी, एक वाटी. पोट फुगलं. दुसऱ्या दिवशी ड्यूटी केली, जेवून.'