पिंग सुरू, चित्र बंद: मल्टिकास्टमधला राउटर गेला तेव्हा

थेट व्हिडिओ मल्टिकास्टवर (एकच प्रवाह एकाच वेळी अनेक प्रेक्षकांना पोचवण्याची पद्धत) चालवणाऱ्या एका नेटवर्कची देखभाल माझ्याकडे होती. एका दुपारी मधला एक राउटर बंद पडला. ओएसपीएफने (राउटरना रस्ते शोधून देणारा प्रोटोकॉल) मिनिटाच्या आत दुसरा रस्ता धरला, सगळीकडे पिंग (पोच तपासणारं छोटं पॅकेट) जाऊ लागलं आणि मला वाटलं, निभावलं.

मग तक्रारी यायला लागल्या, त्याही एकमेकींशी न जुळणाऱ्या. आधीपासून बघणाऱ्यांचं चित्र नीट चालू होतं. कुणी चॅनेल बदललं की कधी चित्र यायचं, कधी काळी स्क्रीन.

मल्टिकास्टचं टेबल उघडलं तेव्हा उलगडा झाला. स्टार-कॉमा-जी नोंदीत (कुठल्याही स्रोताकडून एका ग्रुपला, म्हणजे एका चॅनेलला, येणाऱ्या प्रवाहाची नोंद) इनकमिंग इंटरफेसपुढे नल आणि आरपीएफ शेजाऱ्याच्या, म्हणजे प्रवाह ज्याच्याकडून यायचा त्या राउटरच्या, जागी ०.०.०.०. गेलेला राउटर आमचा राँदेव्हू पॉइंट (आरपी) होता, एकुलता एक. पिम हा राउटरांमधला मल्टिकास्टचा प्रोटोकॉल; त्याच्या स्पार्स मोडमध्ये आरपी लागतो तो स्रोत आणि प्रेक्षकाची गाठ घालायला. गाठ पडली की प्रेक्षकाकडचा राउटर थेट स्रोताकडच्या छोट्या झाडावर जातो, मग आरपी नसला तरी चालतं. म्हणून जुनी चित्रं टिकली. चॅनेल बदलल्यावर तो ग्रुप त्याच राउटरवर आधीच कुणी बघत असेल तर चित्र मिळायचं; नसेल तर जॉइन (ग्रुप हवा असल्याची मागणी) पाठवायला ठिकाणच उरलं नव्हतं.

उपाय ओळखीचा होता: एनीकास्ट आरपी. दोन राउटरवर एकच लूपबॅक पत्ता (राउटरचा स्वतःचा, कुठल्याही तारेशी न बांधलेला), आणि एकाकडे नोंदलेला स्रोत दुसऱ्याला कळावा म्हणून दोघांत एमएसडीपी हा प्रोटोकॉल. आरएफसी ३४४६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात २००३ पासून हे लिहिलेलं आहे. पण माझ्याकडून एक गोष्ट राहिली. तो सामाईक पत्ताच दोन्हीकडे सर्वांत मोठा लूपबॅक होता, त्यामुळे ओएसपीएफने तोच राउटर-आयडी म्हणून उचलला आणि दोघांची ओळख एकच झाली. रूटिंग डळमळू लागलं. राउटर-आयडी हाताने वेगळे दिल्यावर ते शांत झालं.

त्यानंतर ठरवलं, प्रत्येक राउटर मुद्दाम बंद करून बघायचा. दर १०० मिलिसेकंदांनी क्रमांक घातलेलं एक पॅकेट ग्रुपवर सोडायचं आणि पलीकडे गळालेले क्रमांक मोजायचे.

मधला राउटर बंद केला, तर क्रमांक येणंच थांबलं. पिंग मात्र उत्तम! ओएसपीएफने निवडलेल्या पर्यायी रस्त्यात एका इंटरफेसवर पिम चालूच नव्हतं. पुढचा राउटर पिमचा शेजारी नसेल, तर युनिकास्टचा (एकाकडून एकाकडे जाणाऱ्या पॅकेटांचा) रस्ता कितीही चांगला असो, जॉइन पुढे जात नाही. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: जिथे ओएसपीएफ, तिथे पिम.

शेवटची पाळी प्रेक्षकांकडच्या डीआरची, म्हणजे त्यांच्या वतीने जॉइन पाठवणाऱ्या नेमलेल्या राउटरची. त्याच सेगमेंटवरचा (नेटवर्कच्या त्याच तुकड्यावरचा) जोडीदार राउटर आयजीएमपी, म्हणजे प्रेक्षकांच्या यंत्रांकडून येणारी ग्रुपची मागणी, ऐकत होता, ग्रुपची यादी त्याच्याजवळ तयार होती. तरी तो थांबून राहिला, कारण पिमचा हॅलो (‘मी आहे’ असं शेजाऱ्याला कळवणारा संदेश) ३० सेकंदांनी येतो आणि शेजारी गेला असं मानायला १०५ सेकंद लागतात. गळाले ९१४ क्रमांक, म्हणजे थेट सामन्यातलं दीड मिनिट. बघणाऱ्याला ते परत मिळत नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटलं.

त्या सेगमेंटवर पिमसाठी बीएफडी (शेजारी गेल्याचं झटपट ओळखणारा प्रोटोकॉल) लावलं आणि तोच प्लग पुन्हा काढला. गळाले ११.