जेवणाच्या डब्यातले अनोळखी शेजारी आणि शून्य रकमेचं बिल

नागपूरहून मुंबईला निघालो की जेवण आपल्या बर्थपर्यंत चालत येतं. अमेरिकेत ॲमट्रॅक या तिथल्या प्रवासी रेल्वे कंपनीच्या लांब पल्ल्याच्या गाडीत आपल्याला जेवणाकडे चालत जावं लागतं. मुलांकडे सहा महिने राहायला आलेले आईबाबा हल्ली शिकागो ते सॅन फ्रान्सिस्कोजवळचं एमरीव्हिल ही कॅलिफोर्निया झेफर या गाडीची सफर आवर्जून करतात. दोन रात्री, जवळपास 3,900 किलोमीटर. डोंगरदऱ्या कुणालाही आवडतात; गोंधळ उडतो तो जेवणाच्या डब्यात.

गाडी दुमजली असते. टेबलं वर, स्वयंपाकघर खाली, आणि ताटं छोट्या लिफ्टमधून वर येतात. टेबलं चौघांची. दोघेच आलात तर समोर दुसरे दोघे बसवले जातात, एकटे आलात तर तीन अनोळखी माणसं. जागा कमी आणि खाणारे जास्त, एवढं साधं गणित आहे. त्यामुळे रिकामं टेबल दिसलं म्हणून जाऊन बसायचं नाही आणि रुमाल टाकून जागा तर मुळीच धरायची नाही. दाराशी थांबा, कर्मचारी बसवेल तिथे बसा. जोडप्याने एकाच बाजूला बसायचं आणि आधी आलेल्याने खिडकीकडे सरकायचं, म्हणजे मागून येणाऱ्याला कुणाला उठवावं लागत नाही. आणि हो, पायात चप्पल-बूट हवेतच. बर्थखाली चपला सारून अनवाणी फिरायची आपली सवय तिथे चालत नाही.

दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाची वेळ आधी ठरवावी लागते. कर्मचारी डब्याडब्यातून फिरून विचारतो. सकाळी मात्र जो आधी येईल त्याला जागा. एक फसगत नेहमीची: ही गाडी पॅसिफिक, माउंटन आणि सेंट्रल अशा तीन वेळांच्या पट्ट्यांतून जाते आणि जेवणाची वेळ गाडी जिथे असेल तिथली धरतात. डोंगरात फोनला रेंज नसली की घड्याळ जुनीच वेळ दाखवतं. पूर्वेकडे जाताना तर दर पट्टा ओलांडताना एक तास हातचा जातो.

टेबलावर ‘कुठून आलात, कुठे उतरणार’ इथून बोलणं सुरू करा. पगार, घरभाडं आणि ‘मुलाचं लग्न का नाही केलं’ हे प्रश्न नागपुरातच ठेवा. राजकारणही. मुकाट्याने जेवायचं असेल तर तसं कुणी वाईट मानत नाही. अगदीच नको असेल तर स्लीपरचा, म्हणजे स्वतंत्र खोल्या असलेल्या शयनडब्याचा, अटेंडंट जेवण खोलीत आणून देतो.

शाकाहारी मंडळींनी नुसतं ‘व्हेज’ म्हणून थांबू नये. मांस नको, मासे नको, कोंबडीचा रस्सा घातलेलं सूप नको, असं मोजून सांगावं. अंडं चालतं की नाही तेही सांगून टाकावं.

आता टिप. स्लीपरच्या तिकिटात जेवण धरलेलं असतं, म्हणून जेवल्यावर खोलीचा क्रमांक लिहून सही केली की झालं. द्यायची रक्कम शून्य. आपल्याकडून चूक होते ती इथेच. शून्याचे पंधरा टक्के शून्य, असा हिशेब करून माणूस उठतो. पण टिप तिकिटात धरलेली नसते. ते जेवण विकत घेतलं असतं तर किती पडलं असतं, त्याच्या 15 ते 20 टक्के द्यायची रीत आहे. साध्या डब्यातल्या प्रवाशांसाठी 2023 मध्ये नाश्ता 20, दुपारचं जेवण 25 आणि रात्रीचं 45 डॉलर होतं. झेफर शिकागोहून दुपारी सुटते, म्हणजे वाटेत प्रत्येकी दोन नाश्ते, दोन दुपारची आणि दोन रात्रीची जेवणं होतात. माणशी 180, दोघांचे 360; पंधरा टक्क्यांनी 54 डॉलर. एकदम नाही, दर जेवणाला टेबलावर थोडे थोडे ठेवायचे.

अडचण येते ती सुट्ट्या पैशांची. एटीएम वीसच्या नोटा देतं आणि गाडीत मोड मिळेलच असं नाही. गाडीत चढण्याआधी बँकेच्या काउंटरवर एकेकच्या वीस आणि पाचपाचच्या पंधरा नोटा मागून घ्या.

आपल्या बाजूने एक शंका हमखास येते: पगार मिळतो ना त्यांना, मग वर कशाला? मिळतो, आणि युनियनमुळे बरा मिळतो. सवय जुनी आहे. अमेरिकेत रेल्वेची शयनयानं चालवणारी पुलमन कंपनी त्यांत कृष्णवर्णीय पोर्टर तुटपुंज्या पगारावर ठेवायची आणि बाकीचं प्रवाशांच्या टिपेवर सोडून द्यायची. या पोर्टरांची युनियन 1925 मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली आणि कंपनीशी करार व्हायला 1937 उजाडलं. पगार सुधारले, टिप राहिली.

युरोपात हाच हिशेब लावू नका. जर्मनीत टेबलाशी येऊन ‘जागा रिकामी आहे का’ एवढं विचारायचं आणि बसायचं. बिल 27.60 युरो झालं तर पैसे देतानाच ‘तीस’ म्हणायचं. टेबलावर नोट सोडून जायची पद्धत तिथे नाही. स्वित्झर्लंडमध्ये 1974 पासून सेवेचे पैसे किमतीतच धरलेले असतात. जपानमध्ये तर टिप ठेवलीत तर माणूस पैसे विसरलात म्हणून मागे धावत येईल.

अमेरिकेत स्लीपरच्या अटेंडंटचा हिशेब वेगळा ठेवा: रात्री पलंग लावतो, बॅगा चढवतो, म्हणून माणशी रात्रीला पाच ते दहा डॉलर, उतरताना हातात. मधल्याच स्टेशनवर मध्यरात्री उतरायचं असेल तर झोपण्याआधीच देऊन ठेवा. अंधारात, अर्धवट झोपेत, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात पाकीट असताना पाच आणि वीसच्या हिरव्या नोटा सारख्याच दिसतात.