अ‍ॅना-रेमी नो-पॉवर्स एयू: हातमोजे फेकले, सातवा भाग सुटला

माझ्या एक्स-मेन फॅनफिक्शनचा, म्हणजे मार्व्हल कॉमिक्समधली पात्रं घेऊन मी लिहीत असलेल्या कथेचा, सातवा भाग अखेर हलला, पण त्यासाठी हातमोजे फेकावे लागले. ही नो-पॉवर्स एयू आहे: पात्रं तीच, जग वेगळं, शक्ती नाहीत. कॉमिक्समध्ये अ‍ॅनाची कातडी कुणाला लागली की त्याची शक्ती आणि आठवणी तिच्यात ओढल्या जातात, हातमोजे आले ते तिथून.

मागचे भाग वाचलेल्यांना सेटअप ठाऊक आहे. अ‍ॅना संग्रहालयात जुन्या चित्रांची डागडुजी करते, हातात कायम नायट्राइलचे मोजे. रेमी तिथलं एक चित्र उडवायला येतो. (देवनागरीत तिचं टोपणनाव, Rogue, लिहायची हिंमत मला अजून होत नाही. कारण उघड आहे: तो आजार वाटतो.) पहिले तीन भाग सुसाट गेले. चौथ्यापासून शिपमधली, म्हणजे या जोडीच्या प्रेमातली, हवा जायला लागली, कारण हातमोजे संध्याकाळी निघतात. ती ते कचऱ्यात टाकते, कोट चढवते, आणि मग या दोघांना लांब ठेवणारं काही उरतच नाही. स्लो बर्नमधलं, म्हणजे हळूहळू पेटणाऱ्या प्रेमातलं, 'स्लो' मग ओढूनताणून आणावं लागतं: ऐन वेळी फोन वाजतो, कुणीतरी दार ठोठावतं. मसुदा आधी वाचून देणाऱ्या माझ्या बीटाने समासात एवढंच लिहिलं होतं, "आता यांनी किस का केला नाही?"

शक्ती काढून घेतली की जोडीचं इंजिनच निघून जातं, हे नो-पॉवर्स एयूचं जुनं दुखणं. हॉकआय क्लिंटवर लिहिणाऱ्यांना सोपं आहे. धनुष्यबाण हे त्याचं कसब, तो कुठल्याही एयूत तसाच चालत येतो. डोळ्यांतून किरण सुटणाऱ्या स्कॉटचंही जमतं. लाल स्फटिकाच्या चष्म्याशिवाय प्रेयसी जीनकडे बघता न येणारा माणूस म्हणजे मुळात स्वतःवरचा ताबा सुटेल या धास्तीत जगणारा माणूस, आणि असे लोक शक्तीविनाही भरपूर असतात. अ‍ॅनाची गोष्ट मात्र स्पर्शावरच उभी आहे. लहानपणी कोडी नावाच्या मुलाला किस केलं, तो कोमात गेला. १९९५ मध्ये रेमीला केलं, तोही कोमात, आणि ती त्याच्या आठवणी डोक्यात घेऊन पळाली. इतकी वर्षं ही जोडी आपण वाचतोय ती या मनाईमुळेच. २०१८ मध्ये लग्न लागलं तेव्हा मला आनंद झाला, पण जीव अडकतो तो अजूनही त्याआधीच्या काळात.

मनाईच्या जागी काय ठेवायचं यावर मी बरंच डोकं आपटलं. त्वचेचा आजार हा पर्याय मी लगेच बाद केला. खरोखर तसं जगणाऱ्यांचं दुखणं मला प्लॉटला कुलूप म्हणून वापरायचं नाही. जंतूंची भीती घेतली तर रोमान्सची कॉमेडी होते. दोन घराण्यांचं वैर घ्यावं तर ते रेमीच्या आधीच्या बायकोच्या, बेलाडोनाच्या वेळी वापरून झालंय, चोरांची गिल्ड विरुद्ध मारेकऱ्यांची गिल्ड. तेच पुन्हा अ‍ॅनाच्या गळ्यात घातलं तर ती बेलाडोनाची झेरॉक्स वाटते.

मग मी स्पर्श बाजूला ठेवून कॅरोलकडे वळले. १९८१ मध्ये अ‍ॅना पहिल्यांदा दिसते तीच सुपरहिरो कॅरोल डॅनव्हर्सची शक्ती आणि आठवणी कायमच्या ओढून घेऊन. १९८३ मध्ये ती एक्स-मेनचा गुरू झेव्हियरच्या दारात येते, कारण आपलं मन कुठलं आणि कॅरोलचं कुठलं हे तिला कळेनासं झालेलं असतं. म्हणजे कातडी हे फक्त दार. खरी भीती वेगळी आहे: मी जवळ गेले की समोरच्याचं त्याच्याकडे काही उरत नाही आणि माझ्याकडे माझं काही उरत नाही.

अशी भीती शक्तीशिवाय कुणाला असेल? घोस्टरायटरला!

नवी अ‍ॅना दुसऱ्यांची आत्मचरित्रं लिहिते. कॅरोल ही निवृत्त वैमानिक, तिची पहिली मोठी क्लायंट. पुस्तक इतकं उतरलं की आता कॅरोल स्वतःचे प्रसंग अ‍ॅनाच्या वाक्यांत सांगते, तिची मूळ आठवण पुसली गेलीय. आणि जिने कधी कॉकपिट पाहिलं नाही त्या अ‍ॅनाला स्वप्नात धावपट्टी दिसते. कोडी म्हणजे शाळेतला तो मुलगा, ज्याचं गुपित तिच्या पहिल्या कथेत आलं आणि जो नंतर तिच्याशी कधीच बोलला नाही. स्पर्शाच्या जागी आता प्रश्न विचारणं आलं. तिला रेमी आवडतो, म्हणून ती त्याला काही विचारत नाही. आणि तो क्लायंट आहे, विचारणं हेच तिचं काम!

रेमीचे पत्तेही आपोआप जागेवर पडले. कॅननमध्ये, म्हणजे मूळ कॉमिक्समध्ये, तो खेळायच्या पत्त्यात ऊर्जा भरून फेकतो, इथे तो थापा फेकतो. भुवईवरच्या एकाच व्रणाच्या चार कहाण्या, सगळ्या चमकदार. खरं बोलताना मात्र तो सपाट बोलतो, आणि हे फक्त तिच्या कानाला कळतं. त्याचं न सांगितलेलं गुपित कॅननमधलंच घेतलंय. जमिनीखाली राहणाऱ्या मॉरलॉकांच्या बोगद्यापर्यंत मारेकऱ्यांना त्यानेच नेलं होतं, आणि १९९७ मध्ये ते उघड झाल्यावर अ‍ॅनाने त्याला अंटार्क्टिकात सोडलं होतं. माझ्याकडे त्याने एका जुन्या कामात वाट दाखवलेली आहे, पुढे काय होणार ते न विचारता.

सातव्या भागात ती रेकॉर्डर बंद करते. तिला वाटतं आपण त्याला वाचवतोय, त्याला वाटतं ही आता उठून जाणार. तोवर दोघं क्लायंट-लेखिका म्हणून 'तुम्ही'वरच आहेत. रेकॉर्डर बंद झाल्यावर त्याच्या तोंडून पहिल्यांदा 'तू' निघतं. हात टेबलावर, अंतर कायम. बीटाने यावेळी समासात काही लिहिलं नाही, नुसती पानभर उद्गारचिन्हं टाकली. मी ते पान जपून ठेवलंय.

जाता जाता हत्यारांबद्दल. कॉर्कबोर्डवाल्या महागड्या सॉफ्टवेअरचा नाद मी सोडला. कार्डं हलवण्यात रात्र जाते, आणि देवनागरी दिसली की त्याची लाल रेघ पान भरून टाकते. साध्या टेक्स्ट फाइली, भागाला एक, बास. एओथ्री या फॅनफिक्शनच्या साइटवरचे टॅग मला प्रिय आहेत, पण तिथला ड्राफ्ट साधारण महिनाभराने आपोआप उडतो, एकमेव प्रत तिथे ठेवू नका. आणि हो, अ‍ॅना-कॅरोलला अँड-चिन्हच (मैत्री) लागेल, तिरकी रेघ (प्रेम) नाही. तिची जोडी मॅग्नेटोशी लावणाऱ्यांनी १९९५ च्या एपोकॅलिप्सवाल्या कालखंडाचा दाखला देऊ नये. कॅननने स्वतः केलेला एयू आहे तो, मान्य, तरी माझ्या फिकमध्ये नाही.

आता आधीच टाकलेल्या संग्रहालयाच्या भागांचं काय? ते काढून टाकायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता सुचलं: राहू देत. ती सगळी रेमीची थाप! आपण दोघं कसे भेटलो याची त्याने टेपवर सांगितलेली आवृत्ती, हातमोज्यांसकट. म्हणजे आठव्या भागात अ‍ॅना तीच टेप पुन्हा ऐकते, आणि मधेच एक वाक्य सपाट लागतं. कुठलं ते मला पहिल्या तीन भागांत शोधावं लागेल. दुसऱ्यातल्या जिन्याच्या प्रसंगावर माझा डोळा आहे.

याचा आणखी एक फायदा. निवेदन प्रथमपुरुषी केलं तर अ‍ॅनाच्या भाषेत हळूहळू रेमीची लकब शिरताना दाखवता येईल. मग चौथा ते सहावा पुन्हा लिहिणं आलं. चालेल, नाहीतरी ते तिन्ही मला खुपत होतेच.

मिस्टीक उरली होती. अ‍ॅनाची सतत रूप बदलणारी दत्तक आई इथे साहित्यिक एजंट होईल, प्रत्येक क्लायंटसाठी वेगळा चेहरा. आणि भविष्य बघणारी आंधळी आयरीन ही पहिलं प्रकरण कुणाकडून वाचून घेऊन शेवट सांगणारी संपादक. या दोघींचा एकाच भागाचा वनशॉट डोक्यात धडका मारतोय, तरुणपणीचा, पहिल्याच हस्तलिखितावरून कडाक्याचं भांडण. आठवा भाग त्यानंतर.