तुम्ही विचारलंत म्हणून : बियाला औषध लावता का?

रविवारी कोथरूडच्या आठवडी बाजारात ज्वारी मांडून बसले की कुणीतरी विचारतंच, "ताई, बियाणंसुद्धा बिनऔषधाचं ना?" सोमवारी शिरूर तालुक्यात घरी पोचते, तर शेजारचे अण्णा उलट बाजूनं, "सूनबाई, बियाला औषध लावायचं सोडलंस, हा नसता उद्योग कुणी सांगितला?" दोन्हीकडे अर्धवट उत्तरं देऊन कंटाळले. आज एकदाच सांगते.

आधी अडचणीचं. मक्याला मी औषध लावलेलंच बी पेरते. संकरित मक्याची पिशवी फोडली की दाणे रंगवलेलेच निघतात, आणि बिनऔषधाचं मागितलं तर दुकानदार मला वरपासून खालपर्यंत बघतो. २०१८ साली मका फस्त करणारी अमेरिकन लष्करी अळी देशात आली, तेव्हापासून तर विचारायचीही सोय नाही. गाईंना मुरघास, म्हणजे हिरव्या मक्याचा आंबवून साठवलेला चारा, लागतो. त्यामुळे "सगळं बंद केलंय" असं मी बाजारात एकदाही म्हटलेलं नाही. माझ्या पाटीवर फक्त ज्वारी-बाजरीचं लिहिलंय. नीट वाचा.

एके काळी मीच अण्णांच्या बाजूनं भांडायचे. एकराला चार किलो ज्वारीचं बी. किलोला १४ मिली इमिडाक्लोप्रिड, म्हणजे बियाला लावायचं कीटकनाशक, धरलं तरी सगळं मिळून ५६ मिली. तेवढ्यात कोवळ्या रोपाचा गाभा पोखरणारी खोडमाशी आवरते, नाहीतर पाठीला पंप लावून सगळं रान फवारत फिरा. हा हिशेब मला आजही चुकीचा वाटत नाही. त्यात एवढंच धरलेलं नाही की माशी येणार की नाही हे कळायच्या आधीच आपण औषध देऊन बसतो, आणि ते दाण्यावर न थांबता मुळातून पानापर्यंत चढतं. युरोपनं २०१८ मध्ये मधमाश्यांपायी हे औषध उघड्या शेतात बंद केलं. पण मी मधमाश्यांसाठी बदलले असं म्हटलं तर ते बाजारात खपणारं खोटं होईल. मी बदलले कोंबड्यांमुळे.

पाच वर्षं झाली. ज्वारीची पेरणी चालू असताना परतीचा पाऊस आला आणि अर्धा एकर रान राहिलं. दोनेक किलो बी उरलं, औषधानं गुलाबी झालेलं. ते मी तुपाच्या रिकाम्या डब्यात भरून पडवीत ठेवलं आणि रविवारचा बाजार करायला पुण्याला गेले. मागं आईंनी, माझ्या सासूबाईंनी, डबा उघडला. बियाला काहीतरी लावलंय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांची हयात पेरणीत, पाभरीच्या चाड्यावर मूठ धरण्यात गेली. पण त्यांच्या काळात बियाला गंधक असायचा. बहात्तरच्या दुष्काळात तसलं बी धुऊन, दळून त्यांनी भाकरी केलेल्या. तशीच ही ज्वारी त्यांनी तीन पाण्यांनी धुतली, पाणी नितळ येईपर्यंत. गोणपाटावर वाळवली. मग चार मुठी अंगणात टाकल्या.

मी रात्रीच्या एसटीनं आले. खुराड्याजवळ बॅटरी धरली तर एक तलंग मान खाली घालून थरथरत होती. दुसरीला उभंच राहता येईना, पंख जमिनीला टेकवून ती एका बाजूला कलंडायची, उठायची, परत कलंडायची. हातात घेतली तर गळ्याखालची पिशवी टच्च लागली, दाण्यांनी भरलेली. नुकतीच अंडी द्यायला लागली होती ती. उजाडेपर्यंत अकरातल्या सात गेल्या. कुणीतरी म्हणालं, ताज्या आहेत, कापा. आम्ही बांधाला खड्डा करून पुरल्या.

मी आईंवर ओरडले. "विचारायचं तरी!" त्या शांतपणे म्हणाल्या, "डब्यावर काय लिहिलं होतंस का?" नव्हतं लिहिलं. दुकानातल्या पिशवीवर 'खाण्यासाठी, चाऱ्यासाठी वापरू नये' असं छापलेलं असतं. माझ्या डब्यावर तुपाच्या कंपनीची गाय होती. आणि लिहिलं असतं तरी आईंना वाचता येत नाही, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे.

पुढच्या वर्षी रागारागात काहीच न लावता पेरलं, तेही पाऊस लांबल्यामुळं उशिरा. खोडमाशीनं पोंगे, म्हणजे रोपांचे मधले कोंब, धरले. तिसरा हिस्सा पीक गेलं, कडबा विकत घ्यावा लागला. अण्णा त्या वर्षी बरोबर होते, हे त्यांच्या तोंडावर सांगितलंय, इथंही सांगते.

आता सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरते, बी थोडं जास्त टाकते आणि विरळणीत मेलेले पोंगे उपटते. काणी रोगासाठी किलोला ४ ग्रॅम गंधक लावते. हो, गंधक. हे ऐकून तोंड वाकडं करणारी गिऱ्हाइकं असतात, त्यांना काणी आलेलं कणीस दाखवायला हवं, दाण्याच्या जागी काळी भुकटी. बाजरीचं बी मिठाच्या पाण्यात सोडते, १० लिटरला २ किलो मीठ. अरगट रोगाचं बी वर तरंगतं, ते काढून टाकायचं, खालचं दोनदा धुऊन सावलीत वाळवायचं. गोसावी हा बाजरीचा दुसरा रोग मात्र मिठाला भीत नाही. दिसला की झाड उपटायचं, एवढंच हातात.

अण्णांनी परवा विचारलं, पाऊस परत लांबला तर बाटली काढशील का? नाही काढणार, असं मी छातीठोक म्हणाले नाही. बाटली घरात आहे, ट्रंकेत, कुलपात. शेजारी मक्याची पिशवी.

कोंबड्या पुन्हा आठ झाल्यात. आई आता तांदूळ निवडताना निघालेली कणीसुद्धा अंगणात टाकण्याआधी परातीत घेऊन माझ्यापाशी येतात आणि विचारतात, "हे चालेल ना गं?"