तुम्ही विचारलंत म्हणून: खात्रीचं सर्किट कुठं मिळतं?

सांगलीत विश्रामबागेत माझं इलेक्ट्रॉनिक पार्टचं दुकान आहे. प्रोजेक्टवाली कॉलेजची पोरं येतात, रिपेअरिंगवाले येतात, तासगावकडचे द्राक्षबागायतदारही येतात. पार्ट बांधून होईपर्यंत प्रश्न ठरलेला: "काका, हमखास चालणारं सर्किट कुठं मिळंल?"

माझं उत्तरही ठरलेलं आहे. ज्या कंपनीनं आयसी, म्हणजे सर्किटातली मुख्य चिप, बनवली, तिच्याच डेटाशीटमध्ये, म्हणजे त्या चिपच्या माहितीपत्रकात. मागच्या पानांवर 'टिपिकल ॲप्लिकेशन' म्हणून सर्किटं दिलेली असतात आणि ती फुकट असतात. तिथून सर्किट उचलण्यात कमीपणा मुळीच नाही, ती वापरण्यासाठीच छापलेली आहेत. पण पोरं चित्राचा फोटो काढतात आणि सोबतचं आकड्यांचं टेबल सोडून देतात. ते सर्किट कोणत्या परिस्थितीत चालतं, हे टेबलात लिहिलेलं असतं. माझ्या लेखी सर्किटाचा निम्मा भाग तोच.

एलएम३१७ घ्या. व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा हा रेग्युलेटर माझ्याकडे रोज खपतो. आउटपुट आणि ॲडजस्ट पिनमध्ये तो १.२५ व्होल्ट धरून ठेवतो. चित्रात तिथं २४० ओहमचा रेझिस्टन्स दिसतो, म्हणजे त्यातून साधारण ५.२ मिलिअँप जातात. आता टेबल उघडा. एलएम११७ आणि एलएम३१७ यांची डेटाशीट एकत्र मिळते. एलएम११७ ला रेग्युलेशन टिकवायला जास्तीत जास्त ५ मिलिअँप लोड लागतो, एलएम३१७ ला मात्र १० पर्यंत लागू शकतो. म्हणून काही पीस २४० ओहमवर झकास चालतात आणि एखादा लोड काढला की व्होल्टेज वर चढवतो. मग "काका, आयसी डुप्लिकेट दिली" अशी तक्रार येते. एलएम३१७ साठी १२० ओहम लावा. ५ व्होल्ट हवे असतील तर खालचा, म्हणजे ॲडजस्ट पिन ते ग्राउंडमधला, ३६० ओहमचा. एवढ्यानं प्रश्न मिटतो.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. नऊ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीची डीसी करणारा डायोडचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ठरावीक ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर ७८०५, हे सर्किट घरातल्या टेबलावर छान चालतं. तेच शेतातल्या पेटीत, अर्धा अँपियर लोडवर नेलं की कंट्रोलर मधूनच रीसेट होतो. संध्याकाळी फीडरवर, म्हणजे गावाच्या वीज लाइनवर, पंपाच्या मोटारी सुरू झाल्या की २३० चे २०० होतात. मग ट्रान्सफॉर्मरमधून ७.८ व्होल्टच येतात. त्याचं शिखर ११ च्या आसपास, ब्रिजमध्ये दीडेक गेला की उरले साडेनऊ. वर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दोन शिखरांच्या मध्ये चार-पाच व्होल्ट खाली येतो. ७८०५ ला ५ देण्यासाठी ७ च्या आसपास लागतात, ते दर सेकंदाला शंभर वेळा तुटतात. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळं ही घसरण त्यात दिसत नाही. व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला की लगेच दिसते. अमेरिकेत काढलेल्या सर्किटात वीज ६० हर्ट्झची धरलेली असते, तिथं कपॅसिटर सेकंदाला १२० वेळा भरतो, आपल्याकडे १००. म्हणून मी निदान २२०० चा कपॅसिटर देतो. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, इथं नको.

तिसरी तक्रार बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची. एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर एका डिग्रीला १० मिलिव्होल्ट देतो, जोडायला अगदी सोपा. पोरं तो आत बसवतात, लांब शील्डेड वायर ओढून बाहेर आणतात आणि रीडिंग नाचायला लागतं. डेटाशीट सांगते की मदतीशिवाय हा सेन्सर आउटपुटवर ५० पिकोफॅरडचीच कपॅसिटन्स सोसतो, आणि तेवढी तर मीटरभर वायरीतच भरते. उपायही त्याच कागदावर आहे: आउटपुटपासून ग्राउंडला ७५ ओहम आणि १ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये. शिवाय एका सप्लायवरचं साधं सर्किट २ डिग्रीच्या वरच मोजतं. त्याखाली मोजायचं तर आउटपुटला रेझिस्टन्स लावून निगेटिव्ह सप्लायशी जोडावं लागतं. तेही तिथं काढून दाखवलेलं आहे.

एका सर्किटाला मात्र मी साफ नाही म्हणतो. ट्रान्सफॉर्मर न लावता, कपॅसिटरनं २३० व्होल्ट उतरवून चालणारं. स्वस्त आणि लहान, म्हणून लोकांना आवडतं. पण त्यात मेनशी अलगपणा नसतो, सर्किटाच्या ग्राउंडवर फेजही येऊ शकते. बंद प्लॅस्टिकच्या दिव्यात, हात लागणार नाही अशा जागी, एक्स२ प्रतीचा, म्हणजे थेट मेनवर लावण्यासाठी बनवलेला, कपॅसिटर, फ्यूज आणि कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टन्स लावून जाणकारानं बनवलं तर गोष्ट वेगळी. ओल्या वावरात, उघड्या सेन्सरच्या वायरी हातानं चाचपणाऱ्या शेतकऱ्याच्या पेटीत ते घालू नका. त्यासाठी पार्ट मागायला आलात, तर मी ते देणार नाही, ट्रान्सफॉर्मर देईन. त्यात दहा-वीस रुपये कमी मिळाले तरी चालतील मला.