आधी पाऊल, मग बोर्ड

डिसेंबरातल्या शनिवारी आमच्या दुकानात गर्दी असते ती मनालीला निघालेल्या कुटुंबांची. जाकिटं, हातमोजे, कानटोप्या. त्या गर्दीतून वाट काढत कल्याणचा एक मुलगा वडिलांना घेऊन काउंटरपाशी आला. काखेत चादरीत गुंडाळलेला स्नोबोर्ड, लोकलच्या मालडब्यातून आणलेला. न्यू जर्सीच्या मावसभावानं दिवाळीला येताना बोर्ड, बाइंडिंग (बूट बोर्डाला पकडून ठेवणारी पट्ट्यांची चौकट) आणि बूट असा अख्खा संच तिकडून वापरलेला घेऊन आणला होता. गुलमर्गला जायला जानेवारीतली श्रीनगरची तिकिटंही निघाली होती. "दादा, बाइंडिंग तेवढं बसवून द्या," एवढंच त्याचं काम.

बाइंडिंग बसवायला अर्धा तास पुरतो. इथे अख्खी दुपार गेली. तिन्ही वस्तू एकमेकींना जुळत नव्हत्या आणि एकही त्याला होत नव्हती.

मी आधी त्याला बूट घालायला लावले. पहिला बोर्ड घ्यायला आलेल्या कुणालाही मी तेच करायला सांगतो, कारण बुटावर बाइंडिंगचा आकार ठरतो, बुटावरच बोर्डाची रुंदी ठरते. आपल्याकडे लोक उलट्या बाजूनं सुरू करतात: बोर्डावरचं चित्र आवडतं, मग त्यात पाय कोंबायचा.

बुटावर १० नंबर होता. "माझा दहाच आहे," मुलगा म्हणाला. खरंच होता, पण ब्रिटिश. आपल्याकडच्या बुटांवर सहसा तोच नंबर असतो. भावानं घेतला तो अमेरिकन १०. पुरुषांच्या बुटात ब्रिटिश १० म्हणजे साधारण अमेरिकन ११, म्हणजे एक नंबर सरळ लहान. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं 'दहा' कळवलं की हे असं होतं. बर्फाच्या बुटावर आणखी एक आकडा असतो आणि भरवसा ठेवायचा तो त्याच्यावर: मोंडोपॉइंट, म्हणजे पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये. मापायला काही लागत नाही. कागद भिंतीला लावून ठेवायचा, अनवाणी टाच भिंतीला टेकवून त्या पायावर पूर्ण वजन देऊन उभं राहायचं आणि सर्वांत लांब बोटापुढे रेघ मारायची. संध्याकाळी मापायचं, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. दोन्ही पायांचं घ्यायचं आणि मोठं धरायचं. त्याचं माप आलं २८.८. म्हणजे २९चा बूट. पायात होता तो २८चा.

आमच्याकडचा २९चा जोड त्याला दिला. बूट बरोबर बसला की सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढच्या अस्तराला हलकी टेकतात आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरकतात. टाच मात्र अजिबात उचलली जाता कामा नये. दुकानात वीसेक मिनिटं घालूनच ठेवायचा, मध्ये दोनदा परत आवळायचा. तळपायाला मुंग्या आल्या तर बूट अरुंद आहे. इथे बहुतेकांचा जीव 'थोडा सैल बरा' याकडे ओढतो, आयुष्यभर चपलांत वावरलेल्या पायाला ही मिठी सोसत नाही. पण आतलं अस्तर पहिल्या काही दिवसांत दबतं. दुकानात आरामशीर वाटलेला बूट बर्फावर चौथ्या दिवशी ढिला होतो, टाच उचलली जाते आणि बोर्ड वळायचं नाव घेत नाही.

वडिलांनी पिशवीतून लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड काढले, एकावर एक घालायला. मी नको म्हटलं. दोन मोज्यांत घड्या पडतात, पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट लवकर गार पडतात. पोटरीपर्यंतचा एकच पातळ मेरिनो लोकरीचा मोजा पुरतो. सुती मोजा घामानं ओला होतो आणि ओलाच राहतो.

भावाच्या बुटाचा प्रश्न नंबरापुरता नव्हता. तळ आणि वरचा भाग जिथे जुळतो तिथे अंगठा दाबला तर फट उघडली, आत गोंदाची पिवळी पूड. तळातला पॉलियुरेथेन फोम आणि गोंद वर्षानुवर्षं पडून हवेतल्या दमटपणानं कुजतात. वापर किती झाला याला अर्थ नसतो. बुटाचं वय पाहायचं, आणि जुना बूट हाताने पिळून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही.

आता बोर्ड. लांबी १५२ सेंटिमीटर, कंबरेची, म्हणजे मधल्या अरुंद जागेची, रुंदी २४५ मिलिमीटर. बाइंडिंग बसतं तिथे रुंदी थोडी जास्त असते, या बोर्डावर २५.५ सेंटिमीटर भरली. २९च्या बुटाची बाहेरची लांबी साधारण साडेएकतीस. १५ अंशांत तिरका ठेवला तर आडवा मापून तीसच्या थोडा वर. म्हणजे पुढे अडीच आणि मागे अडीच सेंटिमीटर बूट बोर्डाबाहेर. दोन्हीकडे एक ते दोन चालतं. नुसते आकडे सांगून पटत नाही, म्हणून मी बूट बोर्डावर दाबून धरला आणि बोर्ड बोटांकडच्या कडेवर काउंटरवर कलता केला. कल वाढत गेला तशी कड काचेवर होती तिथेच राहिली आणि थोड्या वेळानं बुटाचं नाक काचेला टेकलं. आणखी कलवलं तर कड काचेवरून उचलली गेली. "इथे तू पडलास," मी म्हटलं. बर्फावर वळण घेताना बूट असा टेकला की कडेची पकड सुटते आणि माणूस काय झालं ते कळायच्या आत आडवा होतो. नवशिक्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

पाय लहान आणि बोर्ड रुंद असेल तर उलटा त्रास: पाय कडेपर्यंत पोचतच नाही आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला जोर लावावा लागतो. म्हणून मोठ्या भावाचा वाइड, म्हणजे जास्त रुंदीचा, बोर्ड धाकट्याला देऊ नये.

लांबी हनुवटीशी लावून मापायची पद्धत अंदाजापुरती ठीक, पण बोर्डाला उंची कळत नाही, वजन कळतं. प्रत्येक कंपनी लांबीवार वजनाचा तक्ता देते, तो बघायचा. मुलगा ८२ किलोचा. १५२ त्याच्याखाली गरजेपेक्षा जास्त वाकला असता. त्याला १५८ ते १६०, वाइड, कंबर २६० च्या वर.

भोकांचा घोळ त्यानंतर निघाला. बोर्ड बर्टन कंपनीचा जुना, त्रिकोणातल्या तीन भोकांचा. बाइंडिंग बोर्डाला स्क्रूनं जखडणारी तबकडी चार भोकांची. बहुतेक कंपन्यांचे बोर्ड चार भोकांचेच असतात, बर्टनच्या अलीकडच्या बोर्डांना भोकांऐवजी लांब खाच असते. तबकड्या वेगळ्या मिळतात, पण कुठली लागेल हे विकत घेण्याआधी पाहायचं. शिवाय बाइंडिंगच्या बूट आवळायच्या एका दातेरी (रॅचेट) पट्टीचे दात झिजलेले होते.

स्क्रूची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण घरी बसवणारे इथे बोर्ड खराब करतात. स्क्रू एम-६, लांबी सहसा १६ मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानातला लांब स्क्रू बसतो, पण इन्सर्टच्या, म्हणजे बोर्डातल्या आट्यांच्या भोकाच्या, तळाला टेकून बेसला, म्हणजे बोर्डाच्या खालच्या पृष्ठभागाला, फोड आणतो. आखूड स्क्रू दोन-तीन आट्यांवर लटकतो आणि आटे घेऊनच बाहेर येतो. स्क्रूड्रायव्हर ३ नंबरचा हवा, घरातल्या २ नंबरनं डोकं गोल होतं. चारही स्क्रू आधी हाताने लावून मग आळीपाळीनं आवळायचे. आटे पक्के करायचं रसायन ओतू नये, काही रसायनांनी बाइंडिंगचं प्लास्टिक तडकतं. त्यापेक्षा पहिल्या दोन उतरणींनंतर स्क्रू परत तपासावेत.

"मग नवा घ्यायचा तर कुठला?" हा प्रश्न वडिलांचा. मुलगा तोवर फोनवर जाड नाकाचे, शेपटी कापलेले पावडर बोर्ड बघत होता, गुलमर्ग म्हणजे भुसभुशीत बर्फ असं ऐकून. ते बर्फ वर, गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्याच्या पुढे, अफरवट डोंगराच्या अंगावर. तिथे हिमस्खलनाचा धोका खरा असतो आणि पहिला बोर्ड घेणाऱ्याचं तिथे काही काम नाही. शिकायचं खाली, दाबलेल्या उतारावर. त्यासाठी दोन्ही टोकं सारखी असलेला ट्विन किंवा त्याच्या जवळचा आकार, दहापैकी तीन-चार कडकपणा आणि सपाट किंवा मधे कमान (कॅम्बर) व टोकं वर उचललेली (रॉकर) असा तळ. पूर्ण कॅम्बरचा बोर्ड जमिनीवर ठेवला की मधे कमानीसारखा उचललेला दिसतो. टोकांकडे त्याची पकड चांगली, पण वजन जरा चुकीच्या बाजूला गेलं की तीच पकड माणसाला आपटते. टोकं उचललेली असली की चूक खपून जाते. बेस एक्स्ट्रुडेड, म्हणजे प्लास्टिक वितळवून काढलेला, घ्यावा: भुकटी दाबून बनवलेल्या सिंटर्डपेक्षा हळू, पण मेण कमी मागतो आणि ओरखडा बुजवणं सोपं. सिंटर्ड बेसला वरचेवर मेण लागतं, आणि मुंबईत बोर्डाला इस्त्रीनं मेण लावून देणारे कितीसे सापडणार?

मी त्याला बोर्ड विकला नाही. वर्षातून आठवडाभर जाणाऱ्यानं बोर्ड आणि बाइंडिंग तिथे भाड्यानं घ्यावं आणि बूट स्वतःचे न्यावेत, असं माझं मत आहे. भाड्याच्या बुटाचं अस्तर शंभर पायांनी दाबलेलं असतं. उरलेले पैसे हेल्मेट आणि मनगटाच्या गार्डवर घालावेत. नवशिक्या बोर्डवाला पडताना हात टेकतो, आणि त्याची सर्वाधिक मोडणारी जागा मनगटच. दोन्ही वस्तू त्यानं घेतल्या. गार्डवर वडिलांनी घासाघीस केली नाही.

भाड्याच्या दुकानात दाखवायला एक चिठ्ठी लिहून दिली: बूट मोंडो २९, बाइंडिंग लार्ज, बोर्ड १५८–१६० वाइड, बाइंडिंगचा कोन पुढच्या पायाला अधिक १५ अंश, मागच्याला उणे ९, हायबॅकचा (पोटरीमागच्या आधाराचा) कल शून्य, गूफी. गूफी म्हणजे उजवा पाय पुढे. पायात मोजे घालून दुकानाच्या गुळगुळीत लादीवर घसरायला सांगितलं तेव्हा तीनही वेळा तो उजवा पाय पुढे टाकूनच घसरला. बॅटिंग डाव्यानं की उजव्यानं यावरून हे ठरत नाही.

खाली आणखी दोन ओळी टाकल्या. परत आल्यावर बुटाचं आतलं अस्तर काढून पंख्याखाली दोन दिवस वाळवायचं आणि पावसाळ्यात बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकायचे नाहीत.

भावाच्या बोर्डाला कडांवर खाडीच्या हवेनं लालसर गंज धरला होता. रबरी घासणीनं तो निघाला. कडेला भेग नव्हती, टिचकी मारत गेलो तर कुठेही पोकळ आवाज आला नाही. साठ किलोच्या आसपासच्या, साडेसव्वीस पावलाच्या माणसाला तो बोर्ड अजून कामाचा आहे, तीन भोकांची तबकडी मिळाली तर. स्टीलच्या कडा झाकल्या जातील इतकं जाड मेण लावून, ते न खरवडता, मी तो परत त्याच चादरीत बांधून दिला. "ताईचं वजन किती रे?" वडिलांनी जाता जाता मुलाला विचारलं.